एडीसीच्या दारातली गाळणी: ऑप-ॲम्पने पहिला लो-पास फिल्टर कसा बनवायचा

एका थ्री-फेज मोटरची थरथर मोजायचं काम माझ्याकडे होतं. मोटर चार पोलची, मिनिटाला साधारण १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. सेन्सरचा सिग्नल आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ए-० पिनला दिला आणि लॅपटॉपवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे याचा आलेख, काढला. २४ हर्ट्झची रेघ दिसली, १०० हर्ट्झची दिसली, आणि ३८५ हर्ट्झवर एक उंच टोकदार रेघ उभी होती. तिचा हिशोब मोटरच्या कुठल्याच भागाशी जुळेना. बेअरिंगची गणितं झाली, पायाचे बोल्ट आवळून झाले. कोडमध्ये दहा-दहा नमुन्यांची सरासरी घेऊन पाहिली. रेघ थोडी बुटकी झाली, पण जागची हलली नाही.

शेवटी सेन्सरच्या वायरवर स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला. तिथे ३८५ हर्ट्झचं काहीच नव्हतं. होती ती १० किलोहर्ट्झची, २०० मिलिव्होल्टची गुणगुण. मोटर चालवणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हची ती स्विचिंग फ्रिक्वेन्सी, लांब वायरने वाटेत उचललेली. ऊनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं असतं. एडीसीसाठी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागासाठी, त्याला १२८ ने भागतात आणि एका नमुन्याला १३ ठोके लागतात. म्हणून एडीसी अखंड चालत ठेवला तर सेकंदाला ९६१५ नमुने मिळतात. १०००० मधून ९६१५ वजा करा. उरतात ३८५.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधी कधी थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. ट्यूब लुकलुकत असते आणि त्या लुकलुकीत आपल्याला पात्यांचे ठरावीक क्षणच दिसतात. एडीसीसुद्धा ठरावीक क्षणीच डोळा उघडतो. १० किलोहर्ट्झचा सिग्नल त्याला ३८५ हर्ट्झचा दिसतो, आणि एकदा तो तसा आकड्यांत उतरला की खरा ३८५ आणि हा खोटा ३८५ वेगळे करणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. दोन्हींचे आकडे तंतोतंत सारखेच असतात. यालाच अलायझिंग म्हणतात. म्हणून गाळणी एडीसीच्या आधी लागते, आणि ती तारेतल्या व्होल्टेजवर काम करणारीच असावी लागते. सगळं डिजिटल झालेल्या काळातही ऑप-ॲम्पचा (दोन इनपुटांतला फरक प्रचंड वाढवणाऱ्या आयसीचा) फिल्टर शिकायचा तो यासाठी.

खाली तीच गाळणी, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी सोडून वरच्या अडवणारा लो-पास फिल्टर, पायरीपायरीने बनवली आहे. ओमचा नियम, कपॅसिटर म्हणजे काय आणि ब्रेडबोर्ड कसा वापरायचा एवढं येत असलं तर पुरे.

पहिली पायरी: आधी कागद, मग सर्किट

नवखे लोक इथेच घाई करतात. नेटवरून सर्किट उतरवून घेतात, कटऑफ (जिथून फिल्टर सिग्नल कमी करू लागतो ती फ्रिक्वेन्सी) मनाने ठरवतात, आणि नंतर गाळणी पुरेशी आहे की नाही हे सांगता येत नाही. आधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

मला हवा असलेला सिग्नल कुठपर्यंत आहे? माझ्या कामात ५०० हर्ट्झपर्यंत.

कुठून वरचा सिग्नल मला फसवू शकतो? अर्ध्या सॅम्पलिंग रेटच्या वरचं सगळं, म्हणजे ४८०० हर्ट्झच्या पुढचं, असं पुस्तकी उत्तर मिळेल. पण नीट पाहिलं तर ६००० हर्ट्झचा सिग्नल दुमडून ३६१५ वर येतो, आणि तिथलं मला काही नकोच आहे. तो मी नंतर कोडमध्ये काढून टाकीन. माझ्या ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात घुसतं ते ९६१५ वजा ५००, म्हणजे ९११५ हर्ट्झच्या पुढचं. फिल्टरला उतरायला ५०० पासून ९११५ पर्यंत एवढं मोठं मैदान मोकळं आहे. हा हिशोब केला नाही तर गरज नसताना सहाव्या ऑर्डरचा फिल्टर बांधत बसाल (ऑर्डर जितकी मोठी, तितका उतार तीव्र).

आणि किती कमी करायचं? ऊनोचा एडीसी १० बिटचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. एक पायरी झाली साधारण ४.९ मिलिव्होल्टची. माझी गुणगुण २०० मिलिव्होल्टची. तिला शंभरने भागलं तर २ मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे अर्ध्या पायरीहूनही कमी. शंभर पट म्हणजे ४० डेसिबल.

आता ऑर्डर आपोआप ठरते. फर्स्ट ऑर्डर फिल्टर, म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, कटऑफच्या दहा पटीवर सिग्नल दहा पट कमी करतो. सेकंड ऑर्डर शंभर पट, फोर्थ ऑर्डर दहा हजार पट. कटऑफ १ किलोहर्ट्झला ठेवला तर १० किलोहर्ट्झ बरोबर दहा पटीवर येतं. सेकंड ऑर्डरने भागतं.

दुसरी पायरी: ऑप-ॲम्प कशाला लागतो ते समजून घ्या

रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या दोन जोड्या एकामागे एक लावल्या की सेकंड ऑर्डर झालाच की, असं वाटणं साहजिक आहे. होतो, पण दुबळा होतो. दोन्ही जोड्या सारख्या घेतल्या तर दुसरी जोडी पहिलीवर भार टाकते आणि १ किलोहर्ट्झवर सिग्नल एक तृतीयांश उरतो. उतार फार आधी सुरू होतो, हव्या असलेल्या पट्ट्यालाच ओहोटी लागते. वळणाचा तीक्ष्णपणा सांगणारा आकडा म्हणजे क्यू. नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरने तो ०.५ च्या वर जात नाही. पट्टा सपाट राहावा आणि मग एकदम उतार लागावा यासाठी क्यू ०.७०७ लागतो. या सपाट वळणाला बटरवर्थ म्हणतात. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश संशोधकाने १९३० मध्ये त्याचं गणित मांडलं.

कॉइल वापरली तर क्यू मिळतो. पण १ किलोहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीला काही शे मिलिहेन्रीची कॉइल लागते. ती जड, महाग, आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घरघर आनंदाने उचलणारी. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या सॅलन आणि की या दोघांनी १९५५ मध्ये कॉइलशिवाय तेच साधण्याच्या रचना प्रसिद्ध केल्या. तेव्हा व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांच्या जागी आज आठ पायांची आयसी बसते. रचना तीच, नावही तेच: सॅलन-की.

ती चालते कशी हे एकदा डोळ्यांसमोर आणा, पाठ करावी लागणार नाही. इनपुटकडून आर१, मग एक जोड, मग आर२, मग ऑप-ॲम्पचा प्लस पाय. प्लस पायापासून ग्राउंडला सी२. ऑप-ॲम्प बफर म्हणून जोडलेला, म्हणजे मायनस पाय थेट आउटपुटला; असा ऑप-ॲम्प इनपुटचंच व्होल्टेज भार न टाकता पुढे देतो. इथपर्यंत साधंच. गंमत सी१ मध्ये आहे. तो जोडापासून ग्राउंडला न जाता आउटपुटला जातो. खालच्या फ्रिक्वेन्सीला आउटपुट आणि जोड एकाच तालात वरखाली होतात. सी१ च्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणून तो सिग्नल खातच नाही. फ्रिक्वेन्सी खूप वर गेली की आउटपुट जवळजवळ शांत, आणि मग सी१ ग्राउंडला लावल्यासारखाच सिग्नल पितो. वळणाच्या आसपास मात्र आउटपुट त्या कपॅसिटरमधून जोडाला योग्य वेळी टेकू देतं. पडू लागलेला सिग्नल धरून ठेवणारा हा टेकू म्हणजेच वाढलेला क्यू.

तिसरी पायरी: किमती काढा

दोन्ही रेझिस्टर सारखे घ्या. मग दोनच सूत्रं लागतात.

क्यू = ०.५ × वर्गमूळ (सी१ ÷ सी२)

फ्रिक्वेन्सी = १५९ ÷ (आर × वर्गमूळ (सी१ × सी२))

दुसऱ्या सूत्रात आर किलोओममध्ये आणि कपॅसिटर नॅनोफॅरडमध्ये घाला, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. १ भागिले दोन पाय (π) आर सी या नेहमीच्या सूत्राचाच हा सोपा अवतार. शून्यं मोजताना होणाऱ्या चुका यात होत नाहीत, म्हणून मी हाच वापरतो.

सुरुवात कपॅसिटरपासून करा, रेझिस्टरपासून नको. रेझिस्टर हव्या त्या किमतीचे मिळतात, कपॅसिटर मोजक्याच. क्यू ०.७०७ साठी सी१ हा सी२ च्या दुप्पट हवा. १० नॅनोफॅरड सहज मिळतो, २० मिळत नाही, २२ मिळतो. घाला २२ आणि १०: क्यू ०.७४ येतो. एवढ्या फरकाने वळणावर अर्ध्या टक्क्याहूनही लहान फुगवटा येतो, तो कुणाला दिसणार नाही. बरोबर दुप्पटच हवं असेल तर १० चे दोन समांतर लावा.

२२ गुणिले १० म्हणजे २२०, त्याचं वर्गमूळ १४.८. १ किलोहर्ट्झसाठी आर = १५९ ÷ १४.८ = १०.७ किलोओम. जवळची किंमत ११ किलोओम, आणि ती नसेल तर १० आणि १ सिरीजमध्ये. ११ घातल्यावर सूत्राची फ्रिक्वेन्सी ९७५ हर्ट्झ येते, आणि क्यू किंचित जास्त असल्यामुळे सिग्नल ०.७०७ पट होण्याचा खरा कटऑफ १०२० च्या आसपास जातो. छान जमलं.

आर साधारण १ ते १०० किलोओमच्या मध्ये राहील असे कपॅसिटर निवडावेत. त्याहून लहान असला तर ऑप-ॲम्पवर भार येतो, फार मोठा असला तर ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांमधले काही पिकोफॅरडसुद्धा हिशोबात ढवळाढवळ करतात आणि गोंगाट वाढतो.

चौथी पायरी: आयसी आणि बाकीचा माल

कॉलेजच्या लॅबमध्ये ७४१ भेटते. चांगली शिक्षिका आहे, १९६८ पासून पिढ्या तिच्यावर शिकल्या, पण आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तिचं काम नाही. टीएल०७२ आणि एनई५५३२ ऑडिओत उत्तम, पण त्यांना प्लस-मायनस १२ सारखा दुहेरी सप्लाय द्यावा. एलएम३५८ पाच व्होल्टवर चालते, पण तिचं आउटपुट वरच्या बाजूला सुमारे दीड व्होल्ट आधीच थांबतं. म्हणजे एडीसीचा वरचा पट्टा वाया. मी इथे एमसीपी६००२ घेतो. ती १.८ ते ६ व्होल्टवर चालते, इनपुट आणि आउटपुट दोन्ही सप्लायच्या टोकांपर्यंत जातात, आणि एका आयसीत दोन ऑप-ॲम्प असतात.

वेग पुरतो का ते पाहायची रीत: डेटाशीटमधला गेन-बँडविड्थचा (ऑप-ॲम्प किती फ्रिक्वेन्सीपर्यंत सिग्नल वाढवू शकतो त्याचा) आकडा कटऑफच्या निदान शंभर पट असावा. एमसीपी६००२ चा तो १ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे आपल्या कटऑफच्या हजार पट. हीच आयसी ५० किलोहर्ट्झच्या फिल्टरला लावली तर मात्र कागदावरचं वळण आणि बोर्डावरचं वळण एकमेकांना ओळखणार नाहीत.

आता कपॅसिटर. सर्वात जास्त फसगत इथेच होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत “१० नॅनो द्या” म्हटलं की बहुधा तपकिरी डिस्क सिरॅमिक हातात पडतो. त्यावर १०३ लिहिलेलं असतं: १०, आणि पुढे तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये. २२३ म्हणजे २२ नॅनोफॅरड. आकड्यानंतरचं अक्षर वाचा. जे म्हणजे पाच टक्के, के म्हणजे दहा, एम म्हणजे वीस. आणि झेड असेल तर किंमत ८० टक्क्यांनी जास्त किंवा २० टक्क्यांनी कमी असू शकते. झेडवाला कपॅसिटर सप्लायच्या पायाशी ठीक, फिल्टरमध्ये कधीच नको. एक्स७आर जातीचे सिरॅमिकही इथे टाळा. त्यांच्यावर डीसी व्होल्टेज आलं की त्यांची किंमत घटते, आणि ठोका बसला की ते स्वतःच बारीक व्होल्टेज निर्माण करतात. थरथर मोजणाऱ्या यंत्रात याहून वाईट काय असणार? “पॉलिस्टरचे बॉक्स कपॅसिटर, जे टॉलरन्स” असं स्पष्ट मागा. रेझिस्टर एमएफआर (मेटल फिल्म), एक टक्क्याचे. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर प्रत्येक कपॅसिटर लावण्याआधी मोजा. पाच मिनिटं जातात, पण नंतरची शोधाशोध वाचते.

पाचवी पायरी: जोडणी

एकेरी ५ व्होल्टवर काम करायचं तर शून्याखाली जाणाऱ्या सिग्नलला उचलून मध्यावर, २.५ व्होल्टवर बसवावं लागतं. आयसीतला पहिला ऑप-ॲम्प हा सिग्नल स्वीकारायला वापरू, दुसरा फिल्टरला. पायांचे क्रमांक खाचेच्या डावीकडून सुरू होतात.

आठव्या पायाला ५ व्होल्ट, चौथ्याला ग्राउंड, आणि या दोन्हींमध्ये आयसीला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरड.

५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. त्यांच्या मध्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, प्लस बाजू मध्याकडे. हा कपॅसिटर विसरू नका. यूएसबीच्या ५ व्होल्टवर बराच कचरा असतो आणि याच्याशिवाय त्यातला अर्धा थेट तुमच्या सिग्नलमध्ये उतरतो. या मध्यापासून १०० किलोओम घेऊन तिसऱ्या पायाला.

सेन्सरकडून १ मायक्रोफॅरडमधून तिसऱ्या पायाला. दुसरा पाय पहिल्याला जोडा, बफर तयार. १०० किलोओम आणि १ मायक्रोफॅरड मिळून १.६ हर्ट्झच्या खालचं अडवतात, आपल्या २४ ला धक्का लागत नाही. बफर नसता तर सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स आर१ मध्ये मिसळला असता आणि काढलेला सगळा हिशोब सरकला असता.

पहिल्या पायापासून ११ किलोओम, मग जोड, मग दुसरा ११ किलोओम पाचव्या पायाला. पाचव्यापासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. जोडापासून सातव्याला २२ नॅनोफॅरड. सहावा आणि सातवा एकमेकांना.

सातव्यापासून १ किलोओम घेऊन ए-० ला, आणि ए-० पासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. ही शेवटची जोडी दिसायला फालतू, पण ती मुद्दाम ठेवली आहे. सॅलन-कीची एक कमजोरी आहे: शेकडो किलोहर्ट्झच्या पुढे ऑप-ॲम्पची ताकद संपते, त्याला आउटपुट घट्ट धरून ठेवता येत नाही, आणि सिग्नल आर१ आणि सी१ मधून मागच्या दाराने आउटपुटला पोचतो. ही जोडी १६ किलोहर्ट्झला वळते, १ किलोहर्ट्झला तिचा त्रास नाही, आणि मागचं दार बंद होतं.

वायरी आखूड ठेवा. पाचवा पाय आणि जोड या दोन जागा सर्वात नाजूक, तिथे लांब जंपर नको.

सहावी पायरी: तपासणी, आणि वळणावरची तपासणी

चालू करून एक-दोन सेकंद थांबा, कपॅसिटर भरू द्या. सिग्नल न देता मल्टिमीटरने पहिला, जोड, पाचवा, सातवा, सगळीकडे २.५ व्होल्ट मिळायला हवेत. सातवा पाय ० किंवा ५ ला चिकटला असेल तर बहुधा पाचवा आणि सहावा अदलाबदल झालेत, किंवा मध्यापासूनचा १०० किलोओम कुठेतरी निसटलाय. इथे २.५ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग फंक्शन जनरेटरने १ व्होल्टची साइन वेव्ह द्या आणि सातव्या पायावर स्कोपने मोजा. माझ्या किमतींना हिशोबाने हे यायला हवं: १०० हर्ट्झला १ व्होल्ट, ५०० ला ०.९९, १००० ला ०.७२, २००० ला ०.२४, ५००० ला ३८ मिलिव्होल्ट, १०००० ला साडेनऊ मिलिव्होल्ट. पाच टक्क्यांच्या कपॅसिटरने थोडं इकडेतिकडे होईल. जनरेटर नसेल तर फोनवर टोन वाजवणारं ॲप आणि हेडफोनची वायर चालते. स्वस्त मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मात्र काही शे हर्ट्झच्या पुढे विश्वास ठेवू नका. त्याऐवजी ऊनोलाच मोजू द्या, १०० ते २००० हर्ट्झ तो सहज वाचतो.

या सहा आकड्यांपैकी मी सर्वात आधी ५०० चा पाहतो. कारण सांगतो. नवख्यांच्या हातून सी१ आणि सी२ ची अदलाबदल सर्रास होते, दोन्ही दिसायला सारखेच. तसं झालं तर क्यू ०.७४ वरून ०.३४ वर येतो, पण सूत्रातला गुणाकार तोच राहतो. म्हणून १० किलोहर्ट्झला आउटपुट जवळजवळ तेवढंच, नऊ-साडेनऊ मिलिव्होल्ट दिसतं, आणि माणूस खूश होऊन स्कोप बंद करतो. तिकडे ५०० हर्ट्झला ०.९९ च्या जागी ०.५९ उरलेलं असतं. हवा असलेला सिग्नल चाळीस टक्के गायब, आणि गाळणी मात्र “बरोबर काम करतेय”. दूरच्या टोकाला सगळे फिल्टर सारखेच दिसतात, चूक वळणाजवळ कळते.

आता खऱ्या सेन्सरवर. स्पेक्ट्रममध्ये अजून एखादी संशयास्पद रेघ असेल तर सॅम्पलिंग रेट बदलून पाहा. एडीसीचा भागाकार १२८ ऐवजी ६४ केला की सेकंदाला १९२३१ नमुने येतात. खरी ३८५ ची रेघ ३८५ लाच राहते. अलायझिंगची असेल तर उडी मारते, १० किलोहर्ट्झवाली थेट ९२३१ वर जाऊन बसते. मी ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर ते बोल्ट आवळावे लागले नसते.

गुणगुण जास्त असेल तर: फोर्थ ऑर्डर

२०० मिलिव्होल्टऐवजी २ व्होल्टची गुणगुण असेल तर शंभर पट पुरत नाही, २० मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे एडीसीच्या चार पायऱ्या. मग सॅलन-कीचे दोन टप्पे एकामागे एक लावायचे. पण आपलाच टप्पा दोनदा लावून बटरवर्थ होत नाही, वळणावर सिग्नल दुप्पट पडतो. दोन टप्प्यांचे क्यू वेगळे लागतात: ०.५४ आणि १.३१.

पहिल्यासाठी सी१ १२ नॅनोफॅरड, सी२ १०, रेझिस्टर १५ किलोओम. दुसऱ्यासाठी सी१ ६८, सी२ १०, रेझिस्टर ६.२ किलोओम. वरच्या सूत्रांत घालून स्वतः पडताळून पाहा, दोन्ही ९७० ते ९८५ हर्ट्झच्या आसपास येतात. एकदा हाताने केलेला हा हिशोब पुढे कायम कामाला येतो. एलटीस्पाइस हा फुकट मिळणारा सिम्युलेटर आहे, त्यात दोन्ही टप्पे काढून वळण पाहिलंत तर आणखी चांगलं.

क्रम महत्त्वाचा: कमी क्यूचा टप्पा आधी. १.३ क्यूचा टप्पा ८३० हर्ट्झच्या आसपास सिग्नल १.४ पट फुगवतो. तो आधी लावला आणि त्या फ्रिक्वेन्सीला २ व्होल्टचा सिग्नल आला तर २.८ व्होल्ट व्हायला जाईल. मध्यापासून जागा फक्त २.५ व्होल्टची आहे, शेंडा कापला जाईल, आणि कापलेल्या शेंड्यातून नव्या खोट्या रेघा जन्मतील. आधीचा टप्पा तिथे सिग्नल खाली आणून ठेवतो, म्हणून फुगवटा निभावतो.

हाय-पास हवा असेल, म्हणजे खालची घरघर काढायची असेल, तर त्याच चित्रात रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जागा बदला. दोन्ही कपॅसिटर सारखे घ्या, आणि ग्राउंडला जाणारा रेझिस्टर आउटपुटला जाणाऱ्याच्या दुप्पट ठेवा. एकेरी सप्लायवर मात्र हा रेझिस्टर ग्राउंडला न नेता २.५ व्होल्टच्या मध्याला न्यायचा.

ब्रेडबोर्डवर सगळं जमलं की व्हेरोबोर्डवर सोल्डर करा आणि डब्याच्या झाकणावर दोन आकडे लिहून चिकटवा: कटऑफ १ किलोहर्ट्झ, सॅम्पलिंग सेकंदाला ९६१५. दोन्ही एकत्रच लिहा. उद्या कुणी मेमरी वाचवायला कोडमध्ये सॅम्पलिंग २००० वर आणलं तर १५०० हर्ट्झचा सिग्नल दुमडून बरोबर ५०० वर येईल, आणि १५०० हर्ट्झला ही गाळणी सिग्नलचा जवळजवळ चाळीस टक्के भाग सोडते.